चोरून टिपलेली मैफल

माझे मामू जहाजावर नोकरीला होते. कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात घराआड एक माणूस जहाजावर, नाहीतर आखातात असायचा. सुटीवर येताना मामू साबण, अत्तर, टॉर्च, कापडाचे तागे असं काय काय आणायचे. १९८५ साली त्यांनी माझ्यासाठी एक कॅसेट आणली. तिच्यावर चित्र नव्हतं, कंपनीचं नाव नव्हतं. निळ्या बॉलपेननं नुसतं लिहिलं होतं : ‘एल. ए. २१-६-७७’.

‘‘आमच्या बोटीवरच्या गोव्याच्या इंजिनिअरनं कॉपी करून दिलीय,’’ मामू म्हणाले. ‘‘विलायती बाजा आहे. तुला गाण्याबिण्याचा नाद, म्हणून आणली.’’

मी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आधी नुसता गलका. शिट्ट्या, आरोळ्या, कुठंतरी फटाका फुटल्याचा आवाज. मग एकदम गिटार आणि ढोल असे काही कोसळले की आजी माजघरातून विचारत आली, ‘‘काय पडलं रे?’’ मी कॅसेट बंद केली. ‘‘मामू, ही खराब आहे. माणसांचाच आवाज जास्त येतोय.’’ मामू हसले. ‘‘खराब नाही. तिथं लोकांत बसून कुणीतरी टेप केलीय. जसं झालं तसं.’’

‘जसं झालं तसं’ या तीन शब्दांचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली. एक अर्थ तर फार उशिरा, स्वतःचं नुकसान करून घेतल्यावर लागला. आज त्याविषयीच सांगणार आहे.

त्या कॅसेटवर होता लेड झेपलिन या इंग्लिश बँडचा कार्यक्रम. १९६८ साली लंडनमध्ये चौघं एकत्र आले. गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बास आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रम्सवर जॉन बॉनम. त्यांच्या संगीताला ‘हार्ड रॉक’ म्हणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांचा पाया, त्यावर ॲम्प्लिफायरमधून प्रचंड मोठा केलेला गिटारचा आवाज आणि छातीवर आदळणारा ड्रम, असा तो मामला. पण हे लोक नुसते मोठ्यानं वाजवायचे नाहीत. मंचावर गेल्यावर गाणं वाढवायचे, वळवायचे, मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरून परत यायचे. आपल्याकडे गवई कालचा राग आज वेगळा मांडतो, तसं काहीसं. रेकॉर्डवर सात मिनिटांचं असलेलं गाणं मंचावर अर्धा तास चालायचं. म्हणूनच त्यांच्या चाहत्यांना कंपनीची रेकॉर्ड पुरत नसे. त्यांना ‘त्या रात्रीचं’ गाणं हवं असे.

आणि कंपनी देत नसेल, तर लोक स्वतः घेतात. अशा विनापरवाना ध्वनिमुद्रणाला ‘बूटलेग’ म्हणतात. बूट म्हणजे जोडा, लेग म्हणजे पाय. उंच बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून हा शब्द आला आणि अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तो घरोघरी पोचला. पुढं तो गाण्याला चिकटला. इथं एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बाजारात आलेल्या रेकॉर्डची नक्कल करून विकणं ही पायरसी. जी रेकॉर्ड कंपनीनं काढलेलीच नाही, ती काढणं म्हणजे बूटलेग. पायरेट असलेल्या मालाची चोरी करतो. बूटलेगवाला नसलेला माल तयार करतो. चोरी दोन्हीकडे आहे, पण जात वेगळी आहे.

रॉक संगीतात या प्रकाराला खरा जोर आला १९६९ मध्ये. बॉब डिलनची कंपनीनं न काढलेली गाणी कुणीतरी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकायला आणली आणि ती रेकॉर्ड ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावानं गाजली. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचा ओकलंडमधला कार्यक्रम श्रोत्यांतून टिपला गेला. पुढच्या वर्षी, ४ सप्टेंबर १९७० रोजी, लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’ या भव्य सभागृहात लेड झेपलिनची पाळी आली. त्या रात्रीची रेकॉर्ड ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’ या नावानं दुकानांत आली. तिच्यावर बँडला एक पैसा मिळाला नाही.

माझी कॅसेट त्याच सभागृहातली, पण सात वर्षांनंतरची. १९७७ च्या जूनमध्ये लेड झेपलिननं फोरममध्ये सहा रात्री कार्यक्रम केले. त्यातली पहिली रात्र २१ जूनची. टिपणाऱ्याचं नाव माइक मिलार्ड. दक्षिण कॅलिफोर्नियातला हा एक साधा चाहता. चाहत्यांच्या जगात त्याला ‘माइक द माइक’ म्हणत.

त्याची युक्ती ऐका. चालता येत असूनही तो चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात यायचा. मित्र खुर्ची ढकलायचे. दारावर झडती व्हायची, पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कोण उठवणार? यंत्र त्या खुर्चीतच दडवलेलं असायचं. यंत्रही ऐरंगैरं नव्हतं. नाकामिची कंपनीचा ५५० हा कॅसेट रेकॉर्डर आणि एकेजी कंपनीचे दोन उत्तम मायक्रोफोन. दोन अशासाठी, की माणसाला कान दोन आहेत. डावीकडचा आवाज डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे राहिला, तरच ऐकणाऱ्याला आपण सभागृहात बसलोय असं वाटतं.

आता या कामातल्या अडचणी बघा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. कार्यक्रम तीन तासांहून मोठा. म्हणजे अंधारात, कुणाच्या लक्षात न येऊ देता, चार-पाच वेळा तरी कॅसेट उलटायची किंवा बदलायची. तीही दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत. त्यासाठी पुढं कोणतं गाणं येणार आणि ते किती लांबणार, याचा अंदाज हवा. आवाजाची पातळी आधीच ठरवायची. जास्त ठेवली तर ड्रम फाटतात, कमी ठेवली तर फितीची खरखर गाण्यावर चढते. शेजाऱ्यानं आरोळी ठोकली तर ती गाण्याहून मोठी उमटते. आणि मिलार्डला स्वतःला मात्र ‘वाहवा’ म्हणायची सोय नाही. आवडत्या गाण्याला तोंडातून शब्द न काढता बसायचं, ही साधी शिक्षा नव्हे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मंचावरचे सगळे मायक्रोफोन जिथं एकत्र येतात त्या मिक्सरच्या टेबलावरूनच टेप केलं तर? तशाही फिती असतात. त्यांना ‘साउंडबोर्ड’ म्हणतात. त्यात गायकाचा श्वासदेखील स्वच्छ ऐकू येतो. पण त्यात सभागृह नसतं. गाणं भिंतींवर आपटून परत येतं तो घुमारा नसतो, आणि हजारो माणसांचं असणं फार दूर गेलेलं असतं. जेवणाचा डबा घरी आणावा आणि पंगत तिथंच राहावी, तसं ते होतं. मिलार्डच्या फितीत पंगत आहे. मोठ्या गाण्यांनंतर चौघं मंचावर पुढं येऊन खुर्च्यांवर बसतात आणि साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटार घेऊन गातात. तेव्हा मघाचा तो दणदणाट करणारा जमाव हळूहळू कसा शांत होतो, ते या फितीत ऐकू येतं. सभागृहाचा श्वास ऐकू येतो. मला ही फीत आवडायला लागली ती तिथून.

कारण हा अनुभव आमच्या घरात नवा नव्हता. आखातातून येणारे नातेवाईक दुबईतल्या मुशायऱ्यांच्या कॅसेटी घेऊन यायचे. त्याही कुणीतरी श्रोत्यांत बसून टेप केलेल्या. शायर पहिली ओळ म्हणायचा, मागून ‘मुकर्रर, मुकर्रर’ असा गजर व्हायचा, शायर तीच ओळ पुन्हा म्हणायचा आणि दुसऱ्या वेळी तिचा अर्थच बदललेला असायचा. तो बदल शायरानं केला की श्रोत्यांनी? पुस्तकात ती ओळ एकदाच छापलेली असते. मी मराठीत कविता लिहायला लागलो त्यामागं कॉलेजातली पुस्तकं जेवढी आहेत, तेवढ्याच त्या खरखरणाऱ्या कॅसेटी आहेत.

पण मंचावरच्या माणसाची बाजूही ऐकायला हवी. लेड झेपलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट धिप्पाड गृहस्थ होते आणि बूटलेगवाल्यांचे हाडवैरी. १९७१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला कार्यक्रम चालू असताना त्यांना श्रोत्यांत एक यंत्र दिसलं. चोरून टेप करतायत, असं समजून त्यांनी ते फोडून टाकलं. नंतर कळलं की शहराचे अधिकारी कार्यक्रमाचा गोंगाट किती होतो हे मोजायला आले होते! या हकिकतीवर आज आपण हसतो. पण ग्रँट यांच्या रागाला कारण होतं. गाणं यांचं, घाम यांचा, आणि पैसे तिसऱ्याच्या खिशात. शिवाय एखाद्या रात्री गळा बसलेला असतो, बोटं चुकतात. ती रात्र लोकांपुढं कायमची ठेवायची की नाही, हे ठरवायचा हक्क कलावंताला नको का?

कायद्यानं हा प्रश्न हळूहळूच सोडवला. मंचावरचं जिवंत सादरीकरण विनापरवाना टिपून विकण्याविरुद्ध अमेरिकेचा देशव्यापी कायदा आला तो १९९४ साली. तोपर्यंत आणि नंतरही युरोपातल्या काही देशांच्या कायद्यांतल्या फटींतून बूटलेग सीडी बाहेर पडत होत्या. टोकियोच्या निशी-शिंजुकू भागात तर अशा सीडींची दुकानंच दुकानं होती. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, सादर करणाऱ्यांचा हक्क त्यात आला १९९४ च्या दुरुस्तीनं. गंमत म्हणजे आपला कायदा समजूतदार आहे. विकण्यासाठी टिपणं गुन्हा, पण स्वतःच्या खासगी उपयोगासाठी टिपलं तर त्यानं हक्कभंग होत नाही, असं त्यातच म्हटलंय.

जिमी पेज यांचं मतही साधारण याच वळणाचं निघालं. २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या न्यायालयात बूटलेग विकणाऱ्या एकावर खटला चालला, तेव्हा ते स्वतः साक्षीला उभे राहिले. चाहत्यांनी आपापसांत गाणी देणं-घेणं त्यांना मान्य होतं. त्याची दुकानदारी मात्र कायद्यानं आणि नीतीनंही चूक, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि मिलार्ड? तो फिती विकत नसे. मित्रांना कॉपी द्यायचा. त्यातल्या एखादीवरून कुणीतरी रेकॉर्ड काढून विकायचं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कॉपी कुणाकडून बाहेर गेली ते कळावं म्हणून तो प्रत्येक कॉपीवर खुणा ठेवू लागला. चोरून टिपणाऱ्याची पुन्हा चोरी! २१ जूनची फीतही अशीच बाहेर पडली आणि ‘लिसन टू धिस, एडी’, म्हणजे ‘एडी, हे ऐक’, या नावानं जगभर फिरली. मामूंच्या बोटीवरची कॅसेट म्हणजे तिच्या कुठल्या तरी नातवंडाचं पतवंड असणार. कॅसेटवरून कॅसेट काढली की दरवेळी खरखर वाढते. माझ्या कॅसेटमध्ये तर अरबी समुद्रच भरलेला होता.

आता मोलाची गोष्ट अशी, की २१ जूननंतर जेमतेम पाच आठवड्यांत तो दौरा अर्ध्यावर थांबला. २६ जुलैला रॉबर्ट प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारानं दगावला. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. त्यानंतर हे चौघं अमेरिकेत पुन्हा कधीच एकत्र वाजवू शकले नाहीत. २५ सप्टेंबर १९८० रोजी जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात बाकीच्या तिघांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. त्या शेवटच्या अमेरिकी दौऱ्यातला एकही पूर्ण कार्यक्रम अधिकृत रेकॉर्ड म्हणून निघालेला नाही. त्या रात्री बॉनमचा पाय ड्रमवर कसा पडत होता हे ज्याला ऐकायचंय, त्याला खुर्चीत दडवलेल्या त्या यंत्राकडेच जावं लागतं.

याच बँडची एक गोष्ट आपल्या मुंबईतही घडली आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये ते हौसेनं वाजवून गेले. मुंबईतल्या भारतीय वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रितही केली. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं नाही. चाळीसहून अधिक वर्षं ते जगात फिरलं ते बूटलेग म्हणूनच. २०१५ मध्ये अखेर बँडनं स्वतः ते अधिकृतपणे काढलं. तोवर आपल्या वादकांची ती कामगिरी बेकायदा फितींनीच लोकांच्या कानांपर्यंत पोचवली होती.

आता माझ्या नुकसानीची गोष्ट. १९९६ साली आमच्या तालुक्याच्या गावी कविसंमेलन झालं. मीही होतो आणि आमच्या भागातले एक ज्येष्ठ कवीही होते. त्यांची ओळ म्हणायची एक रीत होती. पहिली अर्धी ओळ म्हणायची, थांबायचं, चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा, लोक चुळबुळायला लागले की उरलेली अर्धी अगदी हळू, शेजारच्याशी बोलावं तशी म्हणायची. सभागृह उसळायचं. महिनाभरानं कळलं, की तिथं कुणीतरी सगळं टेप केलंय आणि कॅसेट बाजारात पंचवीस रुपयांना मिळतेय. माझी कविता तिच्यात दुसऱ्याच्या नावावर छापली होती. परवानगी नाही, मानधन नाही, वर हे! मी तरुण होतो. चार मित्र घेऊन गेलो, आवाज चढवला, कायद्याचं नाव घेतलं. विक्रेत्यानं घाबरून उरलेल्या सगळ्या कॅसेटी आमच्या हवाली केल्या. आम्ही त्या अंगणात बसून एकेक उकलली, फिती ओढून काढल्या. शेजारच्या काकांनी तो गुंता उचलून नेला आणि पाखरं उडवायला भाताच्या खाचरांवर ताणून बांधला. आठवडाभर वारा सुटला की फिती भुंग्यासारख्या गुणगुणायच्या. आम्हाला मोठा विजय मिळाल्यासारखं वाटायचं.

पुढं चार वर्षांनी ते ज्येष्ठ कवी वारले. त्यांचे दोन संग्रह आहेत, ओळी सगळ्या छापलेल्या आहेत. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, त्यांचा आवाज ऐकवू या. तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांच्या घरी एकही ध्वनिफीत नव्हती. मी पुढं कितीतरी गावांत चौकशी केली. ती पंचवीस रुपयांची कॅसेट कुणाकडेही मिळाली नाही. जी होती ती आम्हीच शेतावर बांधली होती.

कायद्यानं त्या दिवशी मी बरोबर होतो, हे मला आजही मान्य आहे. त्या विक्रेत्यानं आम्हाला विचारायला हवं होतं, पैसे द्यायला हवे होते, नावं तरी नीट छापायला हवी होती. पण विक्री थांबवणं वेगळं आणि फीत नष्ट करणं वेगळं, हे मला कळलं नव्हतं. एक कॅसेट कपाटात ठेवायला काय हरकत होती? पीटर ग्रँटनी चुकून गोंगाट मोजणारं यंत्र फोडलं. मी समजून उमजून एका माणसाचा आवाज फाडला.

काही बँडनी यातून शहाणपणाची वाट काढली. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडनं १९८४ पासून टेप करणाऱ्यांना सभागृहात वेगळी जागाच दिली. टिपा, वाटा, पण विकू नका, एवढीच अट. ‘पर्ल जॅम’नं २००० सालच्या दौऱ्यातले ७२ कार्यक्रम स्वतःच सीडीवर काढले, म्हणजे बूटलेगवाल्याला विकायला काही उरलंच नाही.

माइक मिलार्ड १९९४ मध्ये गेला. आपल्या मूळ फिती त्यानं नष्ट केल्या, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण तसं झालं नव्हतं. पुष्कळशा सापडल्या आणि २०२० पासून त्या संगणकावर उतरवून चाहत्यांसमोर येऊ लागल्या. गेल्या वर्षी भाच्यानं मला २१ जूनची रात्र मोबाइलवर लावून दिली. खरखर जवळपास नव्हती. मामू हयात नाहीत. ती फटाक्याची आरोळी आली आणि मला आजीचं ‘काय पडलं रे’ ऐकू आलं.

आता कविसंमेलनात मी उभा राहिलो की समोर वीस-पंचवीस मोबाइल वर होतात. पूर्वी मी अस्वस्थ व्हायचो. आता सुरुवातीलाच सांगतो : टिपा, हरकत नाही. विकू नका, तोडून-मोडून फिरवू नका. आणि फाइलला नाव द्या. गाव, तारीख, कवीचं नाव. मामूंच्या कॅसेटवर निळ्या शाईत तेवढं लिहिलेलं होतं, म्हणून तर ती रात्र मला पुन्हा सापडली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)